मदत हवी आहे: वॅगमध्ये (पाणी आणि वायू आळीपाळीने साठ्यात सोडण्याच्या पद्धतीत) पाण्याच्या फेरीनंतर इंजेक्टिव्हिटी (विहीर किती सहज आत घेते ती क्षमता) घसरते

नमस्कार मंडळी. मडगावात आम्ही काहीजण जुन्या वाळूखडकातल्या तेलक्षेत्रासाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) इंजेक्शनचं मॉडेल करतोय. हलकं तेल, तापमान ९० अंश. स्लिम ट्यूब चाचणीवरून (वाळू भरलेल्या लांब नळीतला प्रयोग) किमान मिश्रणदाब (ज्यावर वायू तेलात मिसळतो तो) २२० बार, साठ्यातला दाब आज २०५. म्हणजे आधी पाणी भरून दाब वर न्यायलाच हवा, नाहीतर वायू तेलात न मिसळता नुसता पुढे पळतो.

वॅग १:१, प्रत्येक स्लग (एका वेळचा हप्ता) छिद्र-आकारमानाच्या (खडकातल्या छिद्रांच्या एकूण जागेच्या) ५ टक्के. पहिल्या पाण्याच्या फेरीत इंजेक्टिव्हिटी निम्म्यावर येते. अडकलेल्या वायूमुळे पाण्याची सापेक्ष पारगम्यता (सोबत तेल-वायू असताना खडकातून वाहण्याची सोय) घटते हे पटतं, पण हिस्टेरेसिस (मॉडेलमध्ये वायू अडकण्याचा हा परिणाम धरणारा पर्याय) बंद ठेवूनही घट दिसते, तिथे गाडी अडलीय. विहिरीजवळचे ग्रिड ब्लॉक (मॉडेलमध्ये साठ्याचे पाडलेले तुकडे) मोठे असल्याचा हा परिणाम असेल का? अस्फाल्टीन (तेलातला जड घटक, जो साचून छिद्रं बुजवू शकतो) मॉडेलमध्ये धरलेलंच नाही. स्लग लहान करावा, की आधी ग्रिड बारीक करावा?

दुसरं, ट्यूबिंग (विहिरीतली आतली नळी). कोरडा सीओटू कार्बन स्टीलला चालतो; पाणी आलं की कार्बोनिक आम्ल होऊन ते खातं. आळीपाळीच्या विहिरीत १३ क्रोम (१३ टक्के क्रोमियमचं स्टील) की जीआरई (काचतंतू-इपॉक्सी) लायनिंग? दाब झटकन उतरला की पॅकरचं (नळीभोवतीची जागा बंद करणाऱ्या सीलचं) रबर फुगून फाटतं, म्हणून रबराचा ग्रेडही सांगा.

बेतूल-वास्कोकडे या कामातलं कोणी असेल तर भेटायला येऊ.