मदत हवी आहे : गरम इंजिनात टॅपेटची टकटक

रामराम मंडळी. गाडी २००४ ची, पेट्रोल, १६ व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली गॅप ऑइलच्या दाबाने आपोआप भरून काढणारा भाग), म्हणजे फिलर गेज लावून गॅप सेट करायची सोय नाही. १,८२,००० किमी. रोज अंबाजोगाई-लातूर.

सकाळी स्टार्टला टकटक होते, १० सेकंदांत थांबते. पण गाडी तापली की स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) पुन्हा सुरू. २,००० आरपीएमच्या वर एकदम शांत.

ऑइल आणि फिल्टर नवे, १० डब्ल्यू ४०. लेव्हल बरोबर. मीटर लावून प्रेशर पाहिलं : गरम असताना स्लोवर १.२ बार, ३,००० ला ३.४. तिसऱ्या प्लगची वायर काढली तरी आवाज तसाच; रॉडचा असता तर कमी झाला असता, म्हणून कनेक्टिंग रॉडचा संशय सोडला. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला तर तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेककडेच ठळक येतो. मॅनिफोल्ड गॅस्केट लीक नाही.

मिस्त्री म्हणतात, २० डब्ल्यू ५०, म्हणजे आणखी घट्ट ऑइल टाका. मला ते आवाज दाबणं वाटतं, दुरुस्ती नाही. फ्लशिंगचीही (इंजिन आतून धुण्याची) भीती वाटते; इतक्या जुन्या इंजिनातला गाळ सुटून स्ट्रेनर (ऑइल पंपाची जाळी) चोंदला तर क्रँकचे बेअरिंग जातील.

गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवता येत नाही. तर, तो एकच टॅपेट काढून धुऊन बसवला तर टिकतो का, की सोळाही नवेच टाकावेत? आणि कॅमचा लोब (व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा) झिजलाय की नाही, हे कॅम न काढता कसं ओळखायचं?