मदत हवी आहे: कोंबड्यांना अ‍ॅपल सायडर विनेगर किती द्यायचं?

पडवीतली: बाटली आणली आहे, खाली गाळ असलेली, ‘मदर’वाली. पाण्यात किती घालू एवढंच सांगा. कोणी म्हणतं चमचाभर, कोणी झाकणभर. पिल्लं मलूल आहेत, लवकर सांगा प्लीज.

शेतकरी_साताऱ्याचा: किती पिल्लं? वय काय? पाणी कशात ठेवता?

पडवीतली: गावरानच आहेत. अकरा होती, काल एक गेलं. पाणी पत्र्याच्या पसरट भांड्यात. पण मी प्रमाण विचारलंय.

जर्सीतला_मराठी: आम्ही इकडे एका गॅलनला एक टेबलस्पून घालतो, म्हणजे लिटरला साधारण 4 मिली. माझ्या सहा कोंबड्या तीन वर्षं पीत आहेत, ठणठणीत. मात्र पत्र्याच्या भांड्यात अजिबात नको! आंबट पाण्याने जस्ताचा मुलामा सुटतो आणि ते जस्त पोटात जातं. प्लास्टिकचं भांडं घ्या.

ताकपुराण: इतका खर्च कशाला? आमची आजी पातळ ताक ठेवायची. पचनाला त्याहून चांगलं काही नाही.

जर्सीतला_मराठी: ताक उन्हात तासाभरात नासतं, माश्या येतात. विनेगर टिकतं.

शेतकरी_साताऱ्याचा: तुमचं नंतर चालू द्या. ताई, मलूल म्हणजे नक्की काय? शीट कशी आहे?

पडवीतली: लालसर. पंख फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसतात. महिन्याची आहेत. इथे चिपळुणात आठ दिवस पाऊस थांबलेला नाही, खाली घातलेलं भाताचं तूस भिजलंय. विनेगरने जंत जातात असं वाचलं, म्हणून आणलं.

शेतकरी_साताऱ्याचा: अहो, हे आधी सांगायचं ना! या वयात, ओल्या तुसात आणि शिटेत रक्त म्हटलं की आधी रक्ती हगवणीचा, कॉक्सिडिओसिसचा संशय घ्यायचा. हे जंत नव्हेत, आतड्याच्या अस्तरात वाढणारे सूक्ष्म परजीवी आहेत. विनेगरने हा रोग बरा होत नाही. शीट डबीत घालून आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. बहुधा अ‍ॅम्प्रोलियम देतील, तेही पाण्यातूनच. मात्रा त्यांनाच विचारा. आजारी पिल्लं वेगळी करा, तूस उपसून कोरडं घाला. माझी एका पावसाळ्यात वीस पिल्लं गेली, कारण मी दोन दिवस हळदीचं पाणी पाजत बसलो.

गोठा_आणि_खुराडं: सोबत व्हिटॅमिनचं टॉनिक द्या, अंगात ताकद येईल.

शेतकरी_साताऱ्याचा: आत्ता नको. अ‍ॅम्प्रोलियम त्या परजीवींना बी-1 मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. तुम्ही वरून बी-1 पाजलंत तर औषध लुळं पडेल. टॉनिक कोर्स संपल्यावर.

ताकपुराण: ताकात पण बी असतं का?

मोरपीस: माझी कोंबडी पंधरा दिवस खुडूक बसली आहे, अंडी काढून घेतली तरी उठत नाही. काय करू?

गोठा_आणि_खुराडं: तळाला जाळी असलेल्या डालग्यात दोन-तीन दिवस ठेवा, पोटाला वारा लागला की उठते. दाणापाणी मात्र आत ठेवा.

पडवीतली: जाऊन आले. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून तेच सांगितलं. पाच दिवसांचं औषध दिलंय. रात्री आणखी एक गेलं, बाकी नऊ आहेत, त्यातली सहा सकाळी दाणे टिपत होती. पत्र्याचं भांडं काढलं. आता मोठ्या कोंबड्यांना तरी विनेगर देऊ का?

शेतकरी_साताऱ्याचा: औषध चालू आहे तोवर विनेगर कोणालाच नको. नंतर द्यायचंच असेल तर वर सांगितलंय तेवढं, लिटरला 4 मिली, प्लास्टिकच्या भांड्यात. आणि तूस रोज हाताने चाचपून बघा.