कमरेची गादी सरकल्यावर परत डोंग्यावर (होडीवर) कधी अन् कसं जावं?

बोडीकाठ:
रामराम मंडळी. मी साकोली तालुक्यातला. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची लीज आमच्या मच्छीमार संस्थेकडं आहे, १७-१८ वर्षं झाले मी त्याच पान्यात आहो, बापबी तिथंच मासोळ्या धरे. डिसेंबरात एक दिवस पहाटे मासोळ्यांचा भरलेला क्रेट घेऊन तलावाची पार चढत होतो, ३५-४० किलो असन, वल्ल्या मातीवरून पाय घसरला, क्रेट काई हातचा सोडला नाई अन् तसाच कमरेतून वळून खाली बसलो. उसण भरली असन म्हणून दोन दिवस घरीच शेकलं. तिसऱ्या दिवशी डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत अशी कळ उतरली का उभंच राहता येईना. मग भंडाऱ्याला दाखवलं, एमआरआय काढला, एल-४ एल-५ म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबली म्हणाले. ऑपरेशन लागत नाई, गोळ्या घ्या, व्यायाम करा, वजन उचलू नका.

आता ११ आठवडे झाले. पायातली कळ गेली, रात्री झोप येते, रोज तलावापर्यंत पायी जाऊन येतो. पण सकाळी उठलो का कंबर लाकडासारखी राहते, अन् खाली पडलेली चप्पल उचलायचीबी धास्ती वाटते. डॉक्टरले विचारलं मासोळ्या धराले कधी जाऊ, ते म्हणाले हळूहळू सुरू करा. आता हळूहळू म्हणजे काय ते मले समजून नाई रायलं, फेकजाळं तं अर्धं फेकता येत नाई ना. होळी झाली का तलावाचं पानी उतरते अन् त्या तीन महिन्यातच आमचं वर्षाचं निघते. दुसरे लोक जाळं टाकतात अन् मी पारीवर उभा राहून पाहतो, लय जड जाते. कोनी यातून गेलं असन तं सांगा, काय आधी सुरू केलं, काय मागं ठेवलं.

डोंगावाला_अर्जुनी:
भाऊ, तुझं वाचून माझीच गोष्ट आठवली. मी अर्जुनी मोरगाव कडचा, इटियाडोहच्या पान्यात धरतो. चार वर्षांपूर्वी माझीबी गादी सरकली होती, उजव्या पायात कळ. मी पाचव्या आठवड्यात दुखणं कमी झालं म्हणून सरळ फेकजाळं घेऊन डोंग्यात उभा राहलो, तिसऱ्या फेकीलेच कमरेत वीज चमकल्यासारखं झालं अन् परत महिनाभर खाटेवर. दुसऱ्या वेळेस जे केलं ते सांगतो.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त गळ, तोबी काठावरून, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. उकिडवं बसायचं नाई, पाय लांब करून डोंग्यातबी बसायचं नाई, त्यानं कंबर मागून गोल होते अन् अर्ध्या तासात नस ओढते. वीस मिनिटं झाली का उठून चार पावलं चालायचं. मोठी मासोळी लागली तं दोरी बाजूच्या पोराच्या हाती द्यायची, मीपना करायचा नाई.

त्याच्यानंतर लावायचं जाळं, म्हणजे संध्याकाळी लावून सकाळी काढतो ते. पण डोंग्यात सोबती पाहिजेच, वल्हं त्यानं मारायचं. जाळं काढताना मी डोंग्याच्या काठाशी एक गुडघा टेकवून बसतो, जाळं पोटाजवळ घेतो, हातावर हात ठेवत थोडं थोडं ओढतो. काठावर आलं का एकदम आत नाई घ्यायचं, तिथंच धरून पानी गळू द्यायचं. वल्लं जाळं वाळल्यापेक्षा किती जड राहते ते तुले सांगायची गरज नाई, आपण जन्मभर ते पान्यासकट उचलत आलो, तीच चूक होती.

फेकजाळं माझं सगळ्यात शेवटी आलं, पाचवा महिना उलटल्यावर. तेबी जुनं नाई. माझ्या जुन्या जाळ्याले शिशाच्या गोळ्या लय होत्या, मी पोराचं लहान जाळं घेतलं. डोंग्यातून नाई, काठावर पक्क्या जागेवर उभा राहून. अन् कमरेतून पिळा देऊन फेकायची सवय सोडावी लागली, ज्या बाजूले फेकायचं तिकडं पावलं फिरतात, पावलांसंगं सगळं अंग फिरते. घेर पहिल्यासारखा नाई पडत, खरं सांगतो. पण मी अजून पान्यात आहो.

आणखी एक, तलावातली बेसरमची झुडपं काढायचं काम निघालं तं हात लावू नको. मुळासकट ओढताना जो झटका बसतो तो क्रेटपेक्षा वाईट.

मोहफूल:
दादा आमच्या गावात पायाळू आजी आहेत, उलट्या पायांनी जन्मलेल्या, उसण भरली की लोक त्यांच्याकडून कमरेवर लाथ मारून घेतात, माझ्या काकांना एका लाथेत बरं वाटलं होतं. इतके आठवडे झालेत तर एकदा करून बघा, पैसे पण लागत नाही.

फिजिओ_ताई:
मी गडचिरोली जिल्ह्यात फिजिओथेरपीचं काम करते, धान रोवणाऱ्या बायका आणि मासेमारी करणारे भाऊ या दोघांच्याच कमरा जास्त बघते, म्हणून थोडं लांब लिहिते आहे.

मोहफूल, तुम्ही काळजीनेच लिहिलंय हे कळतं, पण नुसती स्नायूची उसण आणि सरकलेली गादी या वेगळ्या गोष्टी आहेत. उसण चार-पाच दिवसांत तशीही उतरते, म्हणून लाथेनं गेली असं वाटतं. एमआरआयमध्ये नस दबलेली दिसते आहे तिथे कमरेवर लाथ, तुडवणं, झटका देऊन मोकळं करणं यातलं काहीही करू नका. हात जोडून सांगते.

बोडीकाठ भाऊ, तुमची पायातली कळ गेली हे सगळ्यात चांगलं लक्षण. गादी सरकलेल्या बहुतेक लोकांना ऑपरेशनशिवायच ६ ते १२ आठवड्यांत बराच आराम पडतो. पुढे एकच गोष्ट पाहत राहायची, दुखणं कुठे जातंय. काम केल्यावर कमरेत थोडं जड वाटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवलं तर चालेल, तेवढं काम तुम्हाला झेपलं. पण कळ कुल्ल्यातून मांडीत, पोटरीत खाली उतरायला लागली तर ते काम लगेच थांबवायचं आणि आधीच्या पायरीवर यायचं. तुमच्या डॉक्टरांच्या "हळूहळू"चा अर्थ हाच आहे, तो कॅलेंडरवर नाही, पायात कळतो.

सकाळच्या आखडण्याबद्दल. मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण १ ते दीड सेंटीमीटर उंच असतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्यापासून पहिला तासभर तरी वाकून उचलण्याचं काम नको, आणि तुमचा धंदा नेमका पहाटेचा, खाटेवरून उठून सरळ जाळं ओढायला. तासभर आधी उठा, तलावापर्यंत पायी जा, पारीवर थोडं फिरा, मग हात लावा. पहाटेची फेरी सोबत्याला देऊन संध्याकाळी जाळं लावायचं काम तुम्ही घेतलं तर आणखी बरं.

व्यायाम दोन-तीनच, पण रोज. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, दहा मोजेपर्यंत धरायची. आणि हातागुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि उलट बाजूचा पाय सरळ लांबवणं, यात कंबर डोलली नाही पाहिजे. डोंगा हलतो तेव्हा तुम्हाला सावरणारे स्नायू हेच. यातल्या कशानेही पायात कळ गेली तर तो व्यायाम बंद करून दाखवायला या. कमरेचा पट्टा वजनाच्या कामापुरता बांधा, दिवसभर नाही.

खर्रा (तंबाखू-सुपारी) खाता की नाही मला माहीत नाही, पण आपल्या भागात विचारावंच लागतं. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपेल तेवढ्यावर ती जगते, आणि तंबाखूतलं निकोटीन त्या वाहिन्या आवळतं. या तीन महिन्यांत सुटला तर कमरेवर उपकार होतील.

आणि हे मात्र पाठ करून ठेवा. लघवी अडकली किंवा नकळत झाली, संडासच्या जागी आणि मांड्यांच्या आत बधिरपणा आला, किंवा पाऊल वर उचलता येईना, चप्पल पायातून गळून पडायला लागली, तर रात्र असो की पाऊस, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, नागपूरच्या मेडिकलला किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. तिथे एक-एक तास मोलाचा असतो.

मासोळीवाली:
भाऊ मी पवनीकडची, माझे मालक वैनगंगेत धरतात अन् मी टोपली घेऊन गावोगाव विकते. यांची कंबर गेली होती तेव्हा घर कसं चाललं ते मले माहीत आहे म्हणून लिहून रायली. सगळ्यात आधी, एकटे पान्यात जाऊ नका. डोंग्याच्या मधोमध चमक भरली तं चांगला पोहणाराबी हात-पाय मारू शकत नाई. जॅकेट घाला, कोनी हसलं तं हसू द्या.

दुसरं, संस्थेत अशी कामं राहतात ज्याले कंबर कमी लागते. वजनकाट्याजवळ उभं राहून वजन लिहिणं, मासोळी निवडणं, पन टेबलावर ठेवून, जमिनीवर नाई. जाळं दुरुस्त करणं तं घरचंच काम, पन आपण ते जमिनीवर मांडी घालून वाकून करतो ना, तेच दोन तासात कंबर मोडते. आमच्या यांनी दाराच्या चौकटीले छातीएवढ्या उंचीवर खिळा ठोकला, जाळं त्याले अडकवून उभ्यानं विणायचे, थकले का खुर्चीवर. तीन महिन्यात सगळ्या संस्थेची फाटकी जाळी यांनीच सांधली, अन् लोकांनी हिस्साबी दिला. तुमी मागून तं पाहा, मागण्यात कमीपना नाई, तुमी १७ वर्षं सगळ्यांसंगं ओढलं आहे.

अन् सचिवाले विचारा, तुमचं नाव प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात आहे का. हप्ता आपल्याले भरावा लागत नाई, सरकार भरते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तं ५ लाख, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तं अडीच लाख, अन् अपघातानं दवाखान्यात भरती झालं तं २५ हजारापर्यंत. तुमी भरती होता का नाई ते तुमी लिहिलं नाई. होता तं कागद सांभाळून ठेवा. नाव नसन तं आता तरी टाका, पुढच्या वेळेसाठी.

वैनीले माझा नमस्कार सांगा. या दिवसात तिच्या डोक्यावरबी टोपली डबल झाली असन.

बोडीकाठ:
ताई, डोंगावाले भाऊ, सगळ्यांचंच दोनदा वाचलं, घरच्यांनाबी वाचून दाखवलं. टोपलीचं वाचलं तेव्हा बायको काई बोलली नाई, उठून चहा ठेवाले गेली.

भरती नव्हतो, फक्त तपासणी झाली होती, म्हणून विम्याचं या वेळेस जमणार नाई. सचिवाकडं गेलो होतो, यादीत माझं नावच नव्हतं, संस्थेतल्या आणखी सहा जणांचं नव्हतं. आधार अन् पासबुकाच्या झेरॉक्स सगळ्यांच्या जमा केल्या. काट्याचं काम होळीपासून माझ्याकडं दिलं आहे, हिस्सा थोडा कमी पन ठरवून. खर्रा होता ताई, दिवसाचे चार. आता एकावर आहो, तोबी सोडतो.

काल संध्याकाळी गळ घेऊन पारीवर गेलो. खुर्ची पोरानं आणून दिली. वीस-वीस मिनिटांनी उठलो, मधात दोन फेऱ्या मारल्या. एक रोहू लागला, सव्वा-दीड किलोचा असन, हात शिवशिवत होते पन दोरी पोराच्या हाती दिली. त्यानं वढला. मी फक्त कुठं ढील द्यायची ते सांगत होतो. आज सकाळी कंबर आखडली होती, पायात काई नाई उतरलं.

डोंगावाले भाऊ, एकच विचारतो. लहान जाळ्याले तुमी शिसं किती किलो ठेवलं? माझ्याकडं जुनं जाळं आहे, त्याच्या गोळ्या उतरवून घरीच हलकं करतो म्हणतो, खिळा तं ठोकलाच आहे.

डोंगावाला_अर्जुनी:
माझ्या लहान जाळ्याले अडीच किलो आहे, जुन्याले पाचाच्या वर होतं. पन भाऊ, नुसत्या गोळ्या काढू नको, जाळं मोठं अन् शिसं कमी झालं तं ते पान्यात बसत नाई, मासोळी खालून निघून जाते. घेरबी कमी कर, खालून दीड-दोन हात कापून मग गोळ्या परत ओव. घाई नाई, तुले जून पर्यंत वेळ आहे. सांधताना अडलं तं फोटो टाक.