डग्ग्यासाठी पॉवर अ‍ॅम्प: किती वॅटचा घेऊ?

मिरजकर: नमस्कार मंडळी. बारा वर्षं तबला शिकलो. खोली ११ बाय १५ फूट, स्पीकर केईएफ एलएस५०, बसतो नऊ फुटांवर. आत्ता ५० वॅटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आहे, म्हणजे प्रीअ‍ॅम्प (व्हॉल्यूमचा भाग) आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा भाग) एकाच डब्यात. विकतच्या सीडी त्यावर छान वाजतात. अडतं ते गुरुजींच्या एकल वादनाशी. त्यांच्या घरच्या बैठकीत मी स्वतः केलेली रेकॉर्डिंग आहेत. पेशकार, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, जसाच्या तसा ऐकू येतो. जलद बोलांचा रेला सुरू झाला की डग्ग्याचा घुमारा आटतो आणि चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ पत्र्यावर मारल्यासारखा लागतो. गुरुजी आता नाहीत. त्यांचा हात कसा पडायचा हे माझ्या कानात पक्कं आहे, तो तसाच ऐकू यायला हवा. तीन लाख बाजूला काढलेत.

कंडेन्सर: घरच्या रेकॉर्डिंगला कॉम्प्रेशन नसतं, म्हणजे बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी केलेलं नसतं. सरासरी आवाज बारीक, म्हणून तुम्ही व्हॉल्यूम चढवता आणि थाप २० डेसिबल वर उसळते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट! त्यात एलएस५०ची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीला स्पीकर किती मोठा वाजतो ते) कमी, ८५ डेसिबल, म्हणजे त्याला ताकद जास्त लागते. आधी मोजा. ५० हर्ट्झचा, उणे २० डेसिबलचा (डिजिटल कमाल पातळीच्या, म्हणजे शून्याच्या, २० खाली) टोन त्याच प्लेअरवरून लावा, व्हॉल्यूम रेल्याला ठेवता तिथेच. स्पीकरच्या वायरी काढून टर्मिनलला मल्टिमीटर लावा, एसी व्होल्टवर. आकड्याला १० ने गुणा, कारण शंभरपट वॅटला दहापट व्होल्ट लागतात. ५० वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमला २० व्होल्ट देतो. त्यापुढे तो थाप कापतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर मात्र स्पीकर काढून हे करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

जुनी_तबकडी: मापं कशाला? जुना जपानी क्लास ए अ‍ॅम्प घ्या, ३० वॅटचा. गोडवा दुसरीकडे मिळणार नाही.

मिरजकर: गोडवा मान्य, पण ५० कमी पडत असताना ३० वर कसा जाऊ? शिवाय क्लास ए गाणं बंद असतानाही तापत राहतो, आणि मिरजेचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. मोजलं: २.६ व्होल्ट, म्हणजे २६. अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचाच आहे. रेकॉर्डिंगमधली सर्वात मोठी थाप शून्याच्या अगदी खाली आहे.

कंडेन्सर: म्हणजे ८ ओहमला ८५ वॅट. निदान झालं. १०० वॅटचा अ‍ॅम्प २८ व्होल्ट देतो, तुमचं भागेल. पण हा स्पीकर नावाला ८ ओहमचा, काही ठिकाणी ३.२ पर्यंत उतरतो. म्हणून ४ ओहमचा आकडा जवळपास दुप्पट आहे का ते बघा. बेंचमार्क कंपनीच्या एएचबी२ या अ‍ॅम्पचा तसा आहे: ८ ओहमला १०० वॅट, ४ ला १९०. हायपेक्स किंवा प्युरिफाय या कंपन्यांच्या मॉड्यूलवर बनवलेले, कमी तापणारे क्लास डी अ‍ॅम्पही नक्की ऐका. २०० वॅटच्या मागे लागू नका. मिळतील तीनच डेसिबल जास्त, आणि त्या सव्वापाच इंची वूफरला केईएफनेच १०० वॅटची मर्यादा सांगितली आहे. तुमच्या इंटिग्रेटेडला प्री-आउट, म्हणजे वेगळा पॉवर अ‍ॅम्प जोडायची जागा, आहे ना? नसेल तर प्रीअ‍ॅम्पचा खर्च वेगळा धरा.

मिरजकर: प्री-आउट आहे. पुण्याचा एक विक्रेता १०० वॅटचा अ‍ॅम्प आठवडाभर घरी द्यायला तयार आहे, शनिवारी येतोय. माझ्याबरोबर शिकलेले दोघे गुरुबंधू त्या दिवशी येतील. दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज मल्टिमीटरने सारखा करून, कुठला चालू आहे ते न सांगता त्यांना तीनतालातला तोच रेला लावणार. डग्ग्यावर गुरुजींचा तळवा सरकतो ती जागा आम्हा तिघांनाही तोंडपाठ आहे.