इंधनदांड्याचं कवच: ट्रॉम्बेच्या अ‍ॅल्युमिनियमला श्रेय किती?

डहाणूकर: जैतापूरच्या वादात इंधनाचा विषय निघाला की ‘ते बाहेरूनच यायचं’ म्हणून लोक मोकळे होतात. 1960 मध्ये ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा पहिल्या भरणीतलं निम्मं इंधन तिथेच घडलेलं होतं. नैसर्गिक युरेनियम धातूचे दांडे, वर अ‍ॅल्युमिनियमचं कवच. आपलं पुढचं सगळं इंधनकाम याच पायावर उभं आहे.

बोईसर_फॅब्रिकेशन: पाया कसला, साहेब? धातूच्या दांड्याची दुखणीच निराळी. अल्फा अवस्थेतलं (कमी तापमानाच्या स्फटिकरचनेतलं) युरेनियम अणुभट्टीत एका दिशेला वाढतं, दुसरीकडे आखडतं. दांडा वाकतो, पृष्ठभाग सुरकुततो. म्हणून तो सुमारे 665 अंश सेल्सिअसच्या वर, बीटा या दुसऱ्या स्फटिकरचनेत नेऊन झटकन थंड करायचा, म्हणजे कण बारीक आणि कुठल्याही एका दिशेला न झुकलेले राहतात. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत हे काही नाही. तिथे युरेनियम डायऑक्साइडच्या गोळ्या आणि झिर्कालॉय-2 या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या. झिर्कोनियमच्या खनिजात हाफ्नियम असतंच, आणि अणुभट्टी चालवणारे न्यूट्रॉन ते शेकडो पटींनी जास्त गिळतं. आधी ते काढा. यातलं काय शिकवलं अ‍ॅल्युमिनियमने?

रत्नागिरी_धातुशास्त्र: अमेरिकेतलं हॅनफर्डचं अणुकेंद्रही लक्षात घ्या. 1944 मध्ये तिथे युरेनियम-अ‍ॅल्युमिनियमच्या याच जोडीने घाम फोडला होता. युरेनियम आणि कवच यांत फट राहिली की उष्णता तिथेच अडते, म्हणून वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनने दोन्ही सांधायचे. कवचाला सुईएवढं भोक पडलं तरी पाणी युरेनियमला भिडतं, ते फुगतं आणि कवच उलतं.

डहाणूकर: तेच म्हणतोय. झिर्कालॉयचा शत्रूही ओलच! गोळ्या नीट सुकवल्या नाहीत तर आतल्या ओलीतून हायड्रोजन सुटतो, नळीच्या आतून हायड्राइडचा (हायड्रोजन-झिर्कोनियमच्या ठिसूळ संयुगाचा) फोड येतो आणि तिथेच ती फुटते. शिवाय राजस्थानच्या पहिल्या अणुभट्टीच्या पहिल्या भरणीतलं निम्मं इंधन ट्रॉम्बेतच बनलं. ते झिर्कालॉयच्या कवचाचं होतं.

बोईसर_फॅब्रिकेशन: जागा तीच, मान्य. कसब तेच, हे नाही. तापलेलं झिर्कालॉय हवेतला नायट्रोजन ओढून घेतं आणि मग गंजाला टिकत नाही. टोकाची टोपी वेल्ड करताना हवा शिरली की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. नमुना ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात, सुमारे 400 अंशांच्या वाफेत ठेवायचा. काळा चकचकीत थर आला तर पास. सांध्यावर पांढरट डाग आला तर ते वेल्डिंग बाद, आणि त्या खेपेतले बाकीचे सांधेही संशयित.