मदत हवी आहे: किल्लारीच्या भूकंपाची आईच्या मनातली भीती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा आई आणि मावशी एकाच माळवदाच्या घरात झोपल्या होत्या. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. दगडमातीच्या भिंतीखालून शेजाऱ्यांनी दोघींना ओढून काढलं.

मावशी आज स्लॅबखाली निवांत झोपते, त्या रात्रीबद्दल मोकळेपणी बोलते. आई मात्र अजून दाराशीच अंथरूण घालते, कडी लावू देत नाही. परवा जड ट्रक गेला, मांडणीवरची भांडी वाजली, तर ती थेट अंगणात! "बहीण बघ किती धीट," असं नातेवाईक तिला ऐकवतात, ते मला फार लागतं.

लातूर-उमरगा भागात कुणाच्या घरी असं आहे का? समुपदेशनाचा उपयोग झाला का? आईला न दुखावता हा विषय कसा काढू?