बोलत नाही, हातही साथ देत नाही. अशा मुलीची बुद्धी कशी मोजायची?

सिडकोतली आई:
मुलगी साडेपाच वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. बोलता येत नाही. मागच्या आठवड्यात तिची आयक्यू चाचणी झाली. लाकडी फळीवर दहा आकार खाचांत बसवायचे होते आणि मॅडमच्या हातात घड्याळ. हिनं चांदणी उचलली, बरोबर चांदणीच्या खाचेपर्यंत नेली, तेवढ्यात हात झटकला आणि चांदणी टेबलाखाली. मी उचलायला वाकले तर "मदत करू नका." नंतर तोंडी प्रश्न. रिपोर्टमध्ये लिहिलंय ४२.

घरी हीच मुलगी कोपऱ्यावरच बाबांच्या गाडीचा आवाज ओळखते, शेजाऱ्यांची गाडी आली तर मानही वळवत नाही. भाजी निवडताना "मेथी कुठंय?" विचारलं की नजर बरोबर जुडीवर. हे कुणीच विचारलं नाही. नाशिकमध्ये हिच्यासारख्यांची चाचणी होते का?

विशेष शिक्षिका, गंगापूर रोड:
ताई, तो सेगुईन फॉर्म बोर्ड. तीनदा करून घेतात आणि सगळ्यांत कमी लागलेल्या वेळावरून मानसिक वय काढतात. म्हणजे तुमच्या लेकीचा हात मोजला गेला. शब्द नकोत एवढ्यानं भागत नाही, हातही नको अशी चाचणी हवी. रेव्हनच्या रंगीत मॅट्रिसेस ही चाचणी विचारा. ३६ नक्ष्या, प्रत्येकीत एक तुकडा गायब, खाली सहा पर्याय. वेळेचं बंधन नाही. मॅडमनी एकेका पर्यायावर बोट ठेवायचं, हिनं नजरेनं हो-नाही सांगायचं. लायटर नावाच्या चाचणीत तर सूचनाही खाणाखुणांनी देतात, पण त्यातही कार्ड-ठोकळे हलवावे लागतात, ते आधी बोलून घ्या. जाण्याआधी फोन करून साहित्य आहे का विचारा. आणि हो-नाहीची खूण घरी पक्की करूनच जा, नाहीतर सगळं वाया.

नाशिकरोडचे बाबा:
माझा मुलगा कर्णबधिर आहे. त्याचाही पहिला आकडा तोंडी प्रश्नांवरच काढला होता, खुणांनी घेतल्यावर चित्र पार बदललं. रिपोर्टमध्ये "हाताच्या अडचणीमुळे गुण कमी असू शकतात" ही ओळ लिहून मागा, हट्टानं मागा. तिची नेहमीची खुर्ची न्या, पाय टेकलेले असू द्या, मान स्थिर राहते. वेळ सकाळची घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीची स्वतंत्र नोंद आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र या आकड्यावर अडलंय असं कुणी म्हणालं तर का, तेही विचारा.

सिडकोतली आई:
चार दिवस झाले. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. काल विचारलं, "तू मुलगा आहेस का?" डोळे झटकन खाली, आणि हसून हसून फ्रॉक लाळेनं भिजला. मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळालीय, खुर्ची रिक्षात मावते का ते आज बघते.